ओलालची मुलगी

मिशनच्या व्हरांड्यात एक माणूस बसला होता. मांडीवर पाय बांधलेली कोंबडी, हातात पिवळा फ्रॉक. सिस्टर पर्पेतुआ बाहेर आल्या तसा तो उठून उभा राहिला.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "कुणाकडे आलात?"

"माझं नाव ओलाल. आबेरची पोरगी इथे असते, असं कळलं." त्यानं घसा खाकरला. "माझी पोरगी."

सिस्टर बसणार होत्या, त्या बसल्या नाहीत. हे नाव त्यांनी आजवर फक्त आबेरच्या तोंडून ऐकलं होतं, तापाच्या गुंगीत. बंडखोरांनी शाळेतून पळवून नेलेली आबेर सहा वर्षांनी जंगलातून सुटून आली, तेव्हा तिच्या पाठीवर तान्ही मुलगी बांधलेली होती. झोळीचं कापड सोडलं तर खाली वेताचे वळ. ते धुतले सिस्टरनी. वर्षाच्या आत आबेरला मातीही दिली त्यांनीच.

"तू होय ओलाल."

"जंगल सोडलं आता, सिस्टर. सरकारनं माफी दिली. गावानंही दिली. उंबऱ्यात अंडं ठेवलं, ते माझ्या पायानं फोडायला लावून, शुद्ध करून मला घरात घेतलं. आई म्हणते, नातीला घेऊन ये."

"म्हणजे सगळ्यांनी माफ केलं."

"देवाची कृपा."

"आबेरला विचारलंस?"

ओलालनं कोंबडी या काखेतून त्या काखेत घेतली.

अंगणात मुली भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांत लामारो होती, आबेरची लेक. टोपलीत कमी आणि तोंडात जास्त दाणे टाकत होती. कुणीतरी तिला टपली मारली तशी ती खिदळली, आणि तिच्या पुढच्या दोन दातांमधली फट दिसली. तशीच फट समोरच्या माणसाच्या दातांत होती. सिस्टर त्याच्या आणि अंगणाच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"मुलगी गेली," त्या म्हणाल्या.

"कुठे गेली?"

"मेली. गोवर आला होता. आईच्याच कुशीत पुरली."

खोटं बोललं म्हणून पोरांना जेवणाआधी कान धरून उभं करणाऱ्या सिस्टर. पण त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

ओलालनं हातातल्या फ्रॉककडे पाहिलं. मापानं तो मोठाच आणला होता, पुढची दोन वर्षं चालेल असा.

"कबर दाखवा मला," तो म्हणाला.

आबेरची कबर चर्चच्या मागे होती. पावसानं तिच्यावर गुडघाभर गवत माजलं होतं. सिस्टरनी कोठारातून स्वतः कुदळ आणली आणि त्याच्या पायाशी टाकली.

"गवत काढ."

तो रडत रडत खाली बसला.

"बसून नाही. वाकून. आबेरला बसू द्यायचास का तिकडे जंगलातल्या शेतात?"

तो उठला आणि वाकला. ऊन डोक्यावर आलं होतं. सिस्टर भिंतीच्या सावलीत हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कुठे मूळ राहिलं की नुसतं बोट दाखवायच्या. तो परत मागे जाऊन तेवढं खणायचा. त्याचा सदरा अंगाला चिकटला. एकदा त्यानं कंबर सरळ केली.

"घोटभर पाणी मिळेल का, सिस्टर?"

"तिनंही मागितलं असेल तुझ्याकडे."

"हो," ओलाल म्हणाला. "मागायची."

आणि तो पुन्हा वाकला.

हा माणूस समोर आला तर काय करायचं, हे सिस्टरनी पुष्कळदा मनात रंगवलं होतं. प्रार्थनेत, आमेन म्हणून झाल्यावरसुद्धा. त्या सगळ्यापेक्षा हे बरं होतं.

गवत संपलं. ओलालनं उघड्या मातीवर तळवा ठेवला.

"एकदाच घेतलं होतं मी तिला. पंधरा दिवसांची असेल. माझं बोट धरलं ते सोडेचना."

"कुदळ भिंतीला टेकवून ठेव," सिस्टर म्हणाल्या.

जाताना त्यानं कोंबडी आणि फ्रॉक व्हरांड्यातच ठेवला. "कोंबडी पोरांना शिजवा. फ्रॉक होईल कुणाला तरी." मग तो किटगुम शहराच्या रस्त्याला लागला. एवढा दांडगा माणूस, पण लंगडणाऱ्या बैलासारखा चालत होता. सिस्टर तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. त्यांचं मन भरलं नव्हतं. त्याला हाक मारून परत बोलवावं आणि मुलगी मेली म्हणून आणखी एकदा सांगावं, असं त्यांना वाटत होतं.

"सिस्टर, तो काका का रडत होता?"

लामारो मागे येऊन उभी होती. हाताला शेंगांची माती, ओठाला दाण्याचं लाल साल.

"त्याची मुलगी वारली."

"अगं बाई. केवढी होती?"

सिस्टरनी व्हरांड्यातला पिवळा फ्रॉक उचलला आणि त्याची घडी घालू लागल्या.

"माझ्याएवढी?"

"हो. तुझ्याएवढी."

लामारोनं हात झग्याला पुसले आणि ती चर्चच्या मागे कबरीकडे धावली; सिस्टर तिच्यामागे गेल्या. नुकत्याच साफ केलेल्या मातीत ती गुडघे टेकून बसली, सिस्टरनीच शिकवलं होतं तसे हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले. मग एक डोळा किलकिला करून तिनं वर पाहिलं.

"तिचं नाव काय, सिस्टर? नावाशिवाय देवाला कसं कळणार?"