कालचं उरलेलं

कोलंबियातल्या मानिसालेसच्या आमच्या गल्लीतल्या जुन्या शेजाऱ्यांनी रविवारी सकाळी दहा-अकराला नोएमीच्या घरी एकत्र न्याहारी करायचं ठरवलं. स्वस्त आणि बिनकष्टाचा बेत एकच, कालेंतादो. ज्याने त्याने आदल्या रात्रीचा उरलेला राजमा-भात आणायचा, सगळा एका कढईत परतायचा आणि वर अंडी फोडायची.

"मुद्दाम शिजवून आणाल तर दारातून परत पाठवीन," नोएमीने बजावलं. "ताज्याला ती चव येत नाही."

अडचण एवढीच, की आता गल्लीत घरटी एकच माणूस, आणि एका माणसाचं काही उरत नाही. मी शनिवारी बारा जणांचा राजमा शिजवला, वाटीभर खाल्ला आणि पातेलं घेऊन गेलो.

नोएमीने झाकण उचललं. "एवढं उरलं?"

"मुलं आली होती ना जेवायला." मुलं माद्रिदला असतात, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक.

"माझीपण आलेली," म्हणत हिल्दार्दोने त्याचं काठोकाठ भरलेलं पातेलं शेजारी टेकवलं.

नोएमीने आतून स्वतःचं पातेलं आणलं, दोन्ही हातांनी, धापा टाकत. "आमच्याकडे सुनासुद्धा होत्या."

मग राजमा परतता परतता आम्ही एकमेकांना विचारत राहिलो, रात्री कोण कोण जेवलं, आणि कोणी पुन्हा वाढून घेतलं.