चामड्याची कड

उस्तादने स्पीकर दोन्ही हातांनी वर धरला आणि दुकानातल्या सगळ्यांना विचारलं, हा स्पीकर आहे की फुटबॉल?

गिऱ्हाइकं हसली. स्पीकर घेऊन आलेली मुलगी मात्र हसली नाही. ज्या टॉवेलात तो गुंडाळून आणला होता, त्याची घडी करत ती काउंटरच्या कडेला उभी होती. आल्या आल्या तिने, जरा हे बघता का, एवढंच म्हटलं होतं. पुढचं बोलायला उस्तादने तिला सवडच दिली नव्हती.

गाडीच्या डिकीत बसवायचे मोठे, घुमणारे स्पीकर दुरुस्त करण्यात उस्तादचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. स्पीकरच्या मधल्या कागदी कोनाभोवती लावायच्या कडा त्याच्या भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या असत, एका बाजूला फोमच्या, एका बाजूला रबराच्या. कुठल्या स्पीकरला काय लावायचं, हे तो नुसत्या नजरेने ठरवायचा. फोम हलका, पण उन्हात तापणाऱ्या गाडीत त्याचा लवकर भुगा होतो. रबर जड, पण टिकतं. चामडं आता कुणी लावत नाही. आणि इथे चामडंच होतं, तेही अर्धं काळं, अर्धं तपकिरी.

शिवाय ते चिकटवलेलं नव्हतं, शिवलेलं होतं. दोरा सुरुवातीला पांढरा, मध्येच लाल, शेवटी हिरवा. घरातले उरलेसुरले दोरे संपवायला काढले असतील, असं उस्ताद म्हणाला तेव्हा पुन्हा हशा झाला. जिथे थोडाफार गोंद लावला होता, तिथे त्याचा ओघळ खाली येऊन लोखंडी चौकटीवर वाळला होता. तोही त्याने नखाने खरवडून दाखवला. स्पीकर वाजवून बघावा, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, तुम्ही हे काम शिकलात कुणाकडे? उस्ताद म्हणाला, दादाकडे. मोठ्या भावाकडे.

दादाशी त्याचं बोलणं कधीच बंद झालं होतं. दोघांचं एकच दुकान होतं तेव्हाची गोष्ट. धाकट्याला तयार कडा आणून झटपट कामं उरकायची होती, दादाला प्रत्येक कड स्वतःच्या हाताने कापायची होती. शब्दाला शब्द वाढला आणि धाकट्याने दुसऱ्या गावात वेगळी चूल मांडली. पुढे ना त्याने चौकशी केली, ना दादाने. पण दादाच्या कामाचं नाव तो अजून छाती फुगवून घ्यायचा. दादाने लावलेल्या कडेला गोंदाची रेघ केसासारखी बारीक यायची, इकडची तिकडे नाही.

“माझ्या दादाने हे काम बघितलं असतं ना,” तो म्हणाला, “तर ज्याने केलंय त्याच्याच डोक्यात घातलं असतं.”

आणि त्याने ब्लेड उचललं. पहिल्या टाक्याखाली पातं सरकवून वर खेचलं. दोरा तट्कन तुटला. मग शेजारचा, मग त्याच्या पुढचा. मुलगी हळू आवाजात थांबा म्हणाली, पण हसण्यात ते बुडून गेलं. तेव्हा तिने पुढे होऊन आपला तळहात कोनावर ठेवला, पात्याच्या अगदी समोर. उस्ताद दचकून मागे सरला.

“बाबांना दिसत नाही,” ती म्हणाली. “गोंदाची रेघ बोटांना कळत नाही. टाका कळतो.”

उस्तादने तिच्याकडे आत्ता कुठे नीट पाहिलं. हनुवटी वहिनीची होती. शेवटची पाहिली तेव्हा ही पोर दादाच्या बाकाखाली बसून लोहचुंबकाला खिळे चिकटवत खेळायची.

तिने थोडक्यात सांगितलं. बाबांची नजर हळूहळू अधू होत गेली, आता पूर्णच गेली. दुकान बंद करावं लागलं. तिने जुनी गाडी घेतली, तेव्हा तिचा स्पीकर मीच करणार म्हणून ते हटून बसले. फोम त्यांच्या चिमटीत फाटायचा, रबर निसटायचं. चामडं सुईपुढे मुकाट्याने थांबायचं. दोरा हाताला येईल तो ती ओवून द्यायची. रंग त्यांनी विचारला नाही आणि तिने सांगितला नाही.

एका गिऱ्हाइकाला अचानक काहीतरी काम आठवलं. दुसरा मोबाइल बघू लागला. हातातलं ब्लेड कुठे ठेवावं हेही उस्तादला सुचेना. वळून त्याने खुंटीवरची सगळ्यात चांगली रबरी कड काढली, खास कामासाठी राखून ठेवलेली. मी आत्ताच्या आत्ता नवी बसवून देतो, तो म्हणाला, आणि घाईघाईने पुढे म्हणाला, दादाला पत्ताही लागणार नाही.

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने मान खाली घातली.

मुलीने काउंटरवरून स्पीकर उचलला. तुटलेले दोरे आत सारून तो टॉवेलात गुंडाळला.

“दुरुस्तीला नव्हता आणला, काका,” ती म्हणाली. “आवाज ठीक लागलाय, तो बाबांना ऐकू येतो. ते म्हणाले, दिसतो कसा, तेवढं धाकट्याला विचारून ये. बाकीचे माझं मन राखतात. तो खरं सांगेल.”