मौनातलं जेवण

पहिला घास घेतला आणि वृंदाताईंचं मौन सुरू झालं. चातुर्मासाचा नेम होता; जेवण होईपर्यंत बोलायचं नाही, बोललं तर पानावरून उठायचं. यंदा तो त्यांनी लेकीसाठी धरला होता. बारावीच्या निकालापासून शाल्मली घरात असून नसल्यासारखी होती.

समोर भात चिवडत ती एकाएकी म्हणाली, “आई, सकाळी उठावंसंच वाटत नाही गं मला. आता सूर्यनमस्कार घाल म्हणू नकोस.”

वृंदाताईंच्या ओठांवर नेमकं तेच आलं होतं. त्यांनी ते घासाबरोबर गिळलं.

“मौन शोभतं हं तुला!” लेक कसनुसं हसली आणि बोलतच राहिली. छातीत धडधडतं, उगाच रडू येतं, डॉक्टरांकडे जायचंय पण एकटीने नको वाटतं. वृंदाताईंनी डाव्या हाताने तिचा हात घट्ट धरला आणि मान डोलावली. किती महिने हा आवाज ऐकायला जीव आसुसला होता!

“झालं का तुझं जेवून?” ताटाकडे बघत शाल्मली थबकली. “आता लागशील बोलायला.”

पोट गच्च भरलं होतं. तरी वृंदाताईंनी भातासाठी ताट पुढे केलं.