नावलौकिक

सकाळी अकराला ऑडिटरने विचारले, "पुढच्या पाच वर्षांत खांबेटे लोणची किती खपतील?" यंदा दुकानांतून परत आलेल्या बरण्यांनी गोदाम भरले होते. हिशेब सांभाळणाऱ्या शैलजाने खरा आकडा सांगितला.

आठ वर्षांपूर्वी मोठ्या कंपनीने खांबेटेकाकांचा कारखाना घेतला तेव्हा यंत्रांपेक्षा जास्त पैसे नुसत्या नावाचे मोजले होते. हिशेबात त्याला नावलौकिक म्हणतात. तो किती उरला, हे दर मार्चला तपासतात. काकांनीच नोकरीला लावलेली शैलजा तीन वर्षे अंदाज फुगवून तो वाचवत आली होती.

"म्हणजे नावलौकिक शून्य," ऑडिटर म्हणाला.

"पुढे खप वाढला तर?"

"एकदा उतरवलेला नावलौकिक पुन्हा चढवता येत नाही, मॅडम. नियमच आहे."

दुपारी काकांचा फोन आला. "काय गं, यंदा पास ना मी?"

"निकाल लागायचाय, काका."

"लागू दे. बरणीवरचं नाव मात्र जरा ठळक छापायला सांग."

चार वाजता नव्या लेबलाचा नमुना छपाईच्या खर्चाच्या मंजुरीसाठी शैलजाच्या टेबलावर सहीला आला. त्यावर खांबेटे हे नाव नव्हते. सहा वाजेपर्यंत तिची सही झालेली नव्हती.