निवडलेला केक

ड्यूटीवरून आलेली शैलजा स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. लेकीने वाढदिवसाला हट्टाने मागितलेल्या रंगीबेरंगी केकचं तयार पीठ सासूबाईंनी खोक्यातून परातीत ओतलं होतं आणि त्या चष्मा सावरत त्यातला साखरेचा एकेक रंगीत दाणा वेचून वाटीत टाकत होत्या.

"आई, ते केकमध्ये असतातच."

"कुणी आणलं हे पीठ? नुसते खडे."

लेक शाळेतून यायला तासच उरला होता. समजावत बसायचं त्राण शैलजात नव्हतं. दाणे पिठात परत ओतायला तिने वाटी उचलली.

सासूबाई तिला ओळखेनाशा झाल्या, त्याला वर्ष झालं होतं. तिचा हात धरून त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. आमची सून दमून येते. तिला निवडायला वेळ नसतो."

शैलजाने वाटी खाली ठेवली.

त्या वाढदिवसाला केक पांढराच झाला.