चाळीस कडक भाकऱ्या

सीनेला पूर आला, नदीपलीकडची माणसं छपरांवर चढली आणि भवानी पेठेतल्या शाळेच्या पटांगणात वीस चुली एकदम पेटल्या. वेणीमाधव मास्तर घड्याळ हातात धरून चुलीमागून चूल बघत पळत होते. दुपारपर्यंत प्रत्येक बाईच्या शंभर भाकऱ्या झाल्या. सोजरबाईच्या मात्र चाळीसच. ती एकेक भाकरी निखाऱ्याशी उभी करून पापडासारखी कडक करत बसली होती.

मास्तर तिच्या चुलीशी थांबले. "बाई, तिकडं माणसं उपाशी आहेत. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

भाकऱ्यांच्या गाड्या निघाल्या आणि पुराच्या पाण्यामुळे नदीकाठी अडकल्या. पाचव्या दिवशी गाडीवान धोंडीराम पळतच आला.

"मास्तर, चार दिसांनी पाणी उतरलं. समद्या मऊ भाकऱ्यांना बुरशी लागली. त्या कडक चाळीसांवर माणसांनी जीव धरलाय. तसल्याच द्या, लई द्या."

मास्तर तडक सोजरबाईच्या दारात गेले. "गाड्या अडकणार हे तुम्हाला कसं कळलं?"

सोजरबाई पदर खोचत बाहेर आलीसुद्धा.

"मागल्या पुरात छपरावर मीच हुते की. आमाला चार दिसांनी मऊ भाकऱ्या आल्या हुत्या."