पहिल्या ओळीतलं नाव

बावीस फायलींच्या पहिल्या ओळीतून विनिता पाटीलचं नाव काढायला दीपेशला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुढचे अठरा दिवस मात्र त्याच्या घशाखाली घास धड उतरेना.

तसं काम साधंच. ‘दवाखाना’ हे दीपेशचं सॉफ्टवेअर. पेशंटच्या नोंदी, कोणत्या बाळाला कोणती लस कधी, सगळं त्यात. फुकट, कोणीही घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. तालुक्यातले अकरा दवाखाने ते वापरत होते. नोंदी सांभाळायचं काम विनिताने लिहिलेल्या ‘कपाट’ नावाच्या छोट्या लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं. ती वेगळी टाकावी लागे, आणि नेमके तिथेच सगळे कंपाउंडर अडकून बसत. म्हणून २००७च्या मार्चमध्ये दीपेशने अख्खं ‘कपाट’ उचलून ‘दवाखाना’तच आणून ठेवलं.

तेही चालतं. या फुकटच्या दुनियेत नियम एकच: लिहिणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत राहतं. कौतुक त्याचं, तक्रारही त्याच्याकडेच. पण पुण्याच्या एका परिषदेचं बोलावणं आलं. ‘सगळं एकट्याने केलंत?’ असं त्यांनी विचारलं. गडी हरखला, ‘हो’ म्हणून बसला आणि मग ते खरं करून टाकलं.

बरं, विनिता कोणी परकी नव्हती. कॉलेजात दोन वर्षं पुढे. प्रोग्रॅमिंग त्याला तिनेच शिकवलेलं. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीच. रविवारी सकाळी त्याने राहनाळहून बाइक काढली आणि थेट खारबाव गाठलं.

ओटीवर तिची आई राहीबाई सुकट निवडत होत्या.

“अरं दीपेश! ये, बस. पोरगी आत हाय. दोन दिस धड जेवली न्हाय. तूच इचार तिला काय झाला तो.”

दीपेशला वाटलं, म्हणजे तिला कळलंय.

विनिता बाहेर आली. डोळे सुजलेले. राहीबाई चहा टाकायला आत गेल्या तसं त्याने भडाभडा सगळं ओकून टाकलं.

“सगळ्या फायलींतून काढलंस?” तिने विचारलं.

“हो, ताई.”

“अकराही दवाखान्यांत नवीन प्रत गेली?”

“मीच फिरून टाकली. तुमच्या खारबावला शुक्रवारी.”

“आणि जुनी?”

“वेबसाइटवरूनही काढली.” त्याला मान वर करवेना. “ताई, शिव्या घाल, कानाखाली मार. मी आजच्या आज तुझं नाव परत टाकतो. पुण्यालाही खरं कळवतो.”

“नको.”

“नको म्हणजे?”

“राहू दे तुझंच.”

आणि ती ओंजळीत तोंड लपवून हमसाहमशी रडायला लागली. एवढं मोठं मन हिचं, आणि आपण? त्याला स्वतःची किळस आली.

रडता रडताच तिने विचारलं. “आपल्याकडे नातवाला गेलेल्या आजोबांचं नाव ठेवतात ना?”

“ठेवतात की.”

“कपाट माणूस ओळखतं ते पूर्ण नाव आणि गावावरून. मीच तसं लिहिलं. आमच्या आळीतल्या हिरामणदादाचं बाळ, केसरीनाथ हिरामण पाटील. मागच्या वर्षी वारले ते आजोबा, तेही केसरीनाथ हिरामण पाटील. कपाटाने दोघांची नोंद एक केली. बाळ नोंदीत मयत लागलं. एकाही लशीला त्याला बोलावणं गेलं नाही.”

“मग?”

“डांग्या खोकला झालाय. चार महिन्यांचं आहे रे ते. तीन दिवस ठाण्याला काचेत ठेवलंय. डॉक्टर खात्री देत नाहीत.”

आतून राहीबाईंनी साखर किती म्हणून विचारलं.

“सिस्टरने हिरामणदादाला सांगितलं, कॉम्प्युटरने काढलेल्या लशीच्या यादीत बाळाचं नावच नव्हतं. ते सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, हे विचारायला तो संध्याकाळी माझ्याकडे येणार आहे. मला यातलं कळतं ना, म्हणून.” विनिताने पदराने डोळे पुसले. “माझ्यात हिंमत नाही, दीपेश. मी त्याला तुझा राहनाळचा पत्ता देते.”